सेप्टिकमध्ये होरपळणारे यकृत आणि मेलाटोनिन

'सेप्टिक झाले' हे दोन शब्द आपल्या तळोदा परिसरात शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. ऊस तोडताना कोयता पायाला लागला, जखमेवर हळद दाबून माणूस पुन्हा कामाला लागला, चार दिवसांनी पाय सुजला, ताप भरला आणि तो बरळू लागला, की घरची मंडळी म्हणतात, सेप्टिक झाले. शब्द अगदी बरोबर आहे. वैद्यकशास्त्रात ज्याला सेप्सिस म्हणतात ते हेच. परंतु याच रुग्णाचे डोळे पिवळे दिसू लागले की घरच्यांचा शब्द बदलतो. सेप्टिक मागे पडते आणि 'कावीळ' पुढे येते. आणि एकदा कावीळ म्हटली की दवाखान्याची वाट सुटते व कावीळ उतरवणाऱ्याच्या अंगणाची वाट धरली जाते. हा शब्द बदलल्यामुळे किती दिवस वाया जातात आणि त्या दिवसांत शरीराच्या आत काय घडत असते, हे समाजबांधवांना उमगावे या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

विषयाला निमित्त मात्र एका गोळीचे झाले. मेलाटोनिन नावाची झोपेची गोळी आता सर्वत्र औषधांच्या दुकानात मिळते. ही गोळी लिव्हरची सूज उतरवते, सेप्टिकमध्येही गुणकारी आहे, असे कुणीतरी वाचलेले असते आणि मग आम्हांला विचारणा होते, 'हे खरे का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यात खरे पुष्कळ आहे. पण जे खरे आहे ते बहुतांशी प्रयोगशाळेतील उंदरांच्या बाबतीत आहे, आणि माणसाच्या बाबतीत अद्याप सिद्ध व्हायचे आहे. ते कसे, हे समजून घ्यायचे तर आधी यकृताकडे वळले पाहिजे.

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे चौथा हिस्सा यकृतातून जातो. त्यातलेही जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त थेट हृदयाकडून येत नाही, ते आतड्यांकडून येते. आतड्यांत अन्न असते तसे कोट्यवधी जंतूही असतात. त्यामुळे अन्नरसाबरोबर जंतूंचे तुकडे आणि त्यांची विषे रोजच यकृताच्या दाराशी येऊन पोहोचतात. गावच्या वेशीवर जकातनाका असावा तशी ही जागा आहे. या नाक्यावर पहारा देणाऱ्या पेशींना कुप्फर पेशी म्हणतात. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून हे नाव. शरीरातील एका जागी ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशींपैकी बहुसंख्य पेशी एकट्या यकृतात आहेत. त्या आलेले जंतू गिळतात, विष मोडून टाकतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सेप्सिसमध्ये हाच पहारा घरावर उलटतो. जखमेतून, फुप्फुसातून, लघवीच्या मार्गातून किंवा बाळंतपणानंतर गर्भाशयातून शिरलेले जंतू रक्तापर्यंत पोहोचले की पहारेकरी पेशी धोक्याची घंटा वाजवतात. ही घंटा म्हणजे काही रासायनिक द्रव्ये असतात. टी.एन.एफ., इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी त्यांची नावे आहेत. थोड्या प्रमाणात ती उपकारक असतात. ताप येणे, जखमेभोवती लाली येणे, पांढऱ्या पेशी धावून येणे ही त्यांचीच कामे. मात्र घंटा थांबायलाच तयार नसली तर? धावून आलेल्या पांढऱ्या पेशी यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत गर्दी करून त्या तुंबवतात. त्या ज्या दाहक प्राणवायू-कणांनी जंतू जाळतात त्याच कणांनी यकृताच्या पेशीही होरपळतात. रक्तदाब घसरलेला असतो, म्हणजे आधीच पुरवठा तोकडा. पेशींतील ऊर्जा तयार करणारी सूक्ष्म केंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बंद पडू लागतात. २०१६ साली तज्ज्ञांनी सेप्सिसची नवी व्याख्या केली, तिचा आशय हाच आहे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊन जीव धोक्यात येणे, याला सेप्सिस म्हणावे. जंतू कारण खरेच, परंतु घर जाळणारी आग आपल्याच चुलीतली असते.

या आगीत यकृताचे दोन प्रकारे नुकसान होते. रक्तदाब फार घसरला तर यकृताच्या पेशी प्राणवायूवाचून मरतात आणि त्यांच्यातील एन्झाइमे रक्तात सांडतात. एस.जी.पी.टी. नावाच्या तपासणीचा निरोगी माणसाचा आकडा पन्नासच्या आसपास किंवा त्याखाली असतो, तो अशा वेळी हजारांत जातो. दुसरा प्रकार संथ आणि फसवा. पेशी जिवंत असतात, पण पित्त बाहेर टाकणारी त्यांची यंत्रणा दाहामुळे ठप्प होते. पित्तातील पिवळे द्रव्य, बिलीरुबिन, रक्तात साचते. अतिदक्षता विभागात सेप्सिसच्या रुग्णाचे अवयव किती बिघडले हे मोजताना यकृताची दखल याच बिलीरुबिनवरून घेतात. ते निरोगी माणसात साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत असते. २ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की यकृत डगमगू लागले असे धरतात, १२ च्या पुढे गेले तर परिस्थिती गंभीर.

म्हणजे सेप्सिसमध्ये डोळे पिवळे होणे हा वेगळा आजार नसून त्याच आजाराचे पुढचे पाऊल आहे. येथे खडा नाही, दूषित पाण्यातून आलेला काविळीचा विषाणूही नाही. हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांतही ताप आणि पिवळेपणा बरोबरीने येतात, त्यांचीही रक्ततपासणी लागते. काविळीच्या विषाणूने आलेली कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप उतरते. त्यामुळेच उतरवणाऱ्याचे नाव होते. चुन्याच्या पाण्यात रुग्णाचे हात धुतले की पाणी पिवळे होते, लोकांना वाटते कावीळ पाण्यात आली. वास्तविक आंब्याच्या अंतरसालीच्या रसासारखा पदार्थ हाताला आधी चोळलेला असतो, त्याचा चुन्याशी संयोग होऊन तो रंग येतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. कुणी देवडांगरीचा रस नाकात सोडतात. त्याने नाकाच्या त्वचेचा दाह होऊन पिवळसर पाणी गळते, ते पित्त नव्हे. विषाणूच्या काविळीत या प्रकारांनी बहुधा दोन-चार दिवस आणि थोडे पैसे जातात. सेप्सिसमध्ये दोन-चार दिवस नसतातच.

आता मेलाटोनिनकडे वळू. मेंदूच्या मध्यभागी वाटाण्याहून लहान अशी पिनिअल नावाची ग्रंथी आहे. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन या अमेरिकी संशोधकांना असे दिसले की, गुरांच्या या ग्रंथीचा अर्क पाण्यात घातला की बेडकाची पिल्ले फिक्कट रंगाची होतात. पुढे येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी त्वचेच्या रंगाच्या विकारांवर काही उपाय सापडतो का, या आशेने गुरांच्या असंख्य पिनिअल ग्रंथी गोळा केल्या आणि १९५८ साली त्यांतून हे द्रव्य वेगळे काढले. त्वचेच्या रोगासाठी त्याचा काही उपयोग झाला नाही. परंतु हे रात्रीचे संप्रेरक निघाले. अंधार पडला की ते रक्तात वाढते, पहाटे ओसरते, आणि डोळ्यांवर उजेड पडला की थांबते. आपण ज्याला रात्र म्हणतो तिची वर्दी शरीरातील पेशीपेशीला देणारा हा दूत आहे. त्याचे प्रमाण अत्यल्प. सबंध रात्रीत शरीर जेवढे मेलाटोनिन बनवते ते एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमीच भरते.

१९९३ साली अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे रसेल रायटर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की मेलाटोनिनचे काम वर्दी देण्यावर संपत नाही, वर सांगितलेल्या दाहक प्राणवायू-कणांना ते स्वतः निष्प्रभ करते. आकाराने लहान आणि चरबीत व पाण्यात दोन्हीकडे वावरणारा हा रेणू पेशीच्या आत, थेट मायटोकॉन्ड्रियापर्यंत जातो. शिवाय धोक्याची घंटा वाजवण्याचा हुकूम ज्या प्रथिनामार्फत सुटतो, त्या एन.एफ.-कप्पा-बी याचा जोरही ते कमी करते. म्हणजे आग लावणारी ठिणगी आणि पसरणारी ज्वाळा, दोन्हींवर पाणी. सेप्सिसवर संशोधन करणाऱ्यांचे लक्ष याकडे वेधले जाणे स्वाभाविकच होते.

मग उंदरांवरील प्रयोग सुरू झाले. यात एक ठरलेली पद्धत आहे. उंदराला भूल देऊन त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाला दोरा बांधतात आणि सुईने त्याला छिद्र पाडतात. आतड्यातली घाण पोटात झिरपते आणि माणसाचे अपेंडिक्स फुटल्यावर जे घडते तेच उंदरात घडते. दुसऱ्या पद्धतीत जंतूंचे शुद्ध विषच टोचतात. दोन्ही प्रकारांत मेलाटोनिन दिलेल्या उंदरांच्या यकृताची हानी न दिलेल्यांपेक्षा कमी आढळली. एन्झाइमे कमी सांडली, टी.एन.एफ. कमी वाढले, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कमी मेलेल्या दिसल्या, आणि पुष्कळ प्रयोगांत जगणाऱ्या उंदरांची संख्याही वाढली. हे एखाद-दुसऱ्या प्रयोगशाळेतले नाही. स्पेन, तुर्कस्तान, चीन अशा निरनिराळ्या देशांतून वर्षानुवर्षे असेच निष्कर्ष आले आहेत. आम्ही या संशोधनाला क्षुल्लक मानत नाही.

माणसांतील पहिला लक्षणीय प्रयत्न इटलीतील मेसिना येथे झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. सेप्सिस झालेल्या वीस नवजात अर्भकांपैकी दहांना नेहमीच्या उपचाराबरोबर तोंडावाटे एकूण २० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले, दहांना दिले नाही. न दिलेल्यांपैकी तीन बाळे तीन दिवसांत दगावली, दिलेल्यांपैकी एकही दगावले नाही. वाचून कुणाचेही मन हेलावेल. परंतु दहा आणि दहा! एवढ्या लहान संख्येत तीनाचा फरक नशिबानेही पडू शकतो, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. त्यानंतर इतरत्र मोठ्या माणसांवरही लहान चाचण्या झाल्या, काहींत आकडे सुधारल्याचे दिसले. मात्र सेप्सिसचे मृत्यू मेलाटोनिनने कमी होतात किंवा यकृत त्याने वाचते, असे ठामपणे म्हणता येईल एवढी मोठी चाचणी अजून झालेली नाही. जगभरातील अतिदक्षता तज्ज्ञांनी २०२१ साली सेप्सिसच्या उपचाराच्या ज्या सूचना प्रसिद्ध केल्या त्यांतील उपचारांत मेलाटोनिनचा समावेश नाही. ऑस्ट्रेलियात साडेआठशे अत्यवस्थ रुग्णांवर एक चाचणी झाली. रोज रात्री ४ मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्याने रुग्णांचे बरळणे टळते का, एवढाच तिचा प्रश्न होता. २०२२ साली उत्तर आले, टळत नाही.

वाचक विचारतील, औषध निरुपद्रवी आहे, मग मोठ्या चाचणीची वाट का पाहायची? याचे उत्तर सेप्सिसच्या औषधांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार निराशेचा आहे. टी.एन.एफ. हीच घंटा, तर ती बांधून टाकणारी प्रतिद्रव्ये द्यावीत, असे १९९० च्या दशकात वाटले. उंदीर जगले, माणसांच्या चाचण्या फसल्या. 'झायग्रिस' नावाचे अतिशय महागडे इंजेक्शन २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले, दहा वर्षे जगभर टोचले गेले, आणि पुन्हा तपासले तेव्हा मृत्यू कमी होत नाहीत असे आढळून २०११ साली उत्पादकांनी ते बाजारातून काढून घेतले. जीवनसत्त्व 'क' तर लिंबा-आवळ्यातले, त्यापासून काय अपाय होणार? परंतु सेप्सिसमध्ये शिरेतून त्याचे मोठे डोस देऊन ८७२ रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा २८ दिवसांत मृत्यू पावलेले किंवा अवयव निकामीच राहिलेले रुग्ण जीवनसत्त्व घेतलेल्यांत ४४.५ टक्के आणि न घेतलेल्यांत ३८.५ टक्के निघाले. म्हणजे उलट नुकसान. हे २०२२ सालचे. प्रयोगातला उंदीर तरुण आणि धडधाकट असतो, त्याला सेप्सिस कोणत्या मिनिटाला झाला हे ठाऊक असते, आणि औषध त्याच वेळी किंवा त्याच्याही आधी दिलेले असते. आपला रुग्ण साठीचा असतो, त्याला मधुमेह असतो, कदाचित दारूने यकृत आधीच खंगलेले असते, आणि तो चौथ्या दिवशी येतो.

मेलाटोनिनच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो या लेखाच्या विषयाशी निगडित आहे. पोटात गेलेले मेलाटोनिन मोडून शरीराबाहेर घालवण्याचे काम मुख्यतः यकृतच करते. यकृत दुबळे असेल तर ते रक्तात अधिक काळ रेंगाळते. दुकानात मिळणारी ३ मिलिग्रॅमची गोळी शरीराच्या रोजच्या उत्पादनाच्या कितीतरी पट असते, आणि प्रयोगातील डोस त्याहूनही मोठे. काही औषधांबरोबर, विशेषतः रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांबरोबर, ते घेताना डॉक्टरांना सांगावे लागते. आणि एक व्यवहाराची गोष्ट. सेप्सिसमध्ये गुंगी येणे, हाक मारल्यावर उशिरा ओ देणे हे धोक्याचे चिन्ह आहे. तापाच्या रुग्णाला घरच्या घरी झोपेची गोळी दिली तर 'शांत झोपला आहे' असे समजून घरचे निर्धास्त होतील, आणि तो शुद्ध हरपत असेल.

मग यकृत वाचते कशाने? जंतूंचा उगम बंद करण्याने आणि वेळेवर प्रतिजैविक मिळण्याने. पू साचला असेल तर तो काढून टाकणे, शिरेतून सलाईन, रक्तदाब सावरणे, आणि प्रतिजैविक. रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला असेल तर ते निदानानंतर एका तासाच्या आत दिले पाहिजे, असे वरील २०२१ च्या सूचना सांगतात. आग विझली की यकृत स्वतःला बरेचसे दुरुस्त करून घेते. तेवढी ताकद निसर्गाने या अवयवाला दिली आहे.

हे मोठ्या शहरातील मोठ्या इस्पितळातच शक्य आहे असे कुणी समजू नये. आपल्यासारख्याच आदिवासी जिल्ह्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याचे उदाहरण घालून दिले आहे. गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळ तपासत. चांगले पिणारे बाळ पिणे सोडते, रडणे क्षीण होते, अंग ढिले पडते, हातपाय गार लागतात, पोट फुगते, बेंबीला पू येतो, अशा खुणांवरून सेप्सिस ओळखत, आणि आईवडील इस्पितळात जायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोलचे औषध देत. ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावांशी तुलना केली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. ही दोन्ही औषधे जुनी आणि स्वस्त होती. नवे होते ते एवढेच की ती वेळेवर बाळापर्यंत पोहोचली. पुढे आशा कार्यकर्तींनी नवजात बाळाला घरी भेट देण्याचा कार्यक्रम २०११ पासून देशभर सुरू झाला, त्याला या कामाचा आधार आहे.

आपल्याकडे अडचण अंतराची आहे हे आम्ही जाणतो. तळोद्याच्या सपाटीवरील गावांतून दवाखाना गाठता येतो. पण चांदसैली घाट चढून धडगावकडे गेले की पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंत रुग्णाला बांबूच्या झोळीत आणावे लागते, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर घाटच बंद होतो. नर्मदाकाठच्या पाड्यांना बोटीचाच आधार. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे, नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तरी झोळीचे ते चार-पाच तास कुणी कमी करू शकलेले नाही. म्हणून उतरवणाऱ्याकडे गेलेला एक दिवस शहरातल्या माणसापेक्षा आपल्या माणसाला महाग पडतो. ताप किंवा जखम असताना श्वास जोरात चालला, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, लघवी फार कमी झाली, हातपाय गार व घामेजले, किंवा डोळे पिवळे झाले, यांतले एकही दिसले तरी त्याच दिवशी निघावे. डॉक्टरांना जखम केव्हा झाली, ताप कधीपासून आहे, आणि कुठली जडीबुटी, भस्म वा गोळी घेतली, हे सारे न लपवता सांगावे. बरेच लोक रागावतील म्हणून लपवतात.

शेवटी सिकलसेलच्या कुटुंबांसाठी वेगळे सांगितले पाहिजे, कारण सातपुड्याच्या कुशीत अशी कुटुंबे बरीच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, आणि प्लीहा हाच रक्तातील जंतूंना गाळणारा दुसरा मोठा नाका. त्यामुळे अशा मुलांना सेप्सिस फार झपाट्याने होतो. दुसरे असे की तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने त्यांचे डोळे एरवीही थोडे पिवळेच असतात. घरच्यांच्या नजरेला तो रंग सरावलेला असतो, त्यामुळे सेप्सिसने यकृत बिघडले तरी ते डोळ्यांवरून ओळखू येत नाही. अशा मुलाला १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला तर डोळ्यांचा रंग पाहत बसू नये, थेट दवाखान्यात न्यावे आणि सिकलसेलचे कार्ड बरोबर घ्यावे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, लहानपणापासून रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिल्याने सिकलसेलच्या मुलांमधील न्युमोकॉकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्या मुलाला ते द्यावयाचे का, आणि न्युमोकॉकसची लस झाली आहे का, हे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्यावे.